विदिशेच्या दंतकारांचं काम

सांचीच्या अभ्याससहलीत मी बेसनगर कधीच वगळत नाही. प्राचीन विदिशा ती हीच, बेतवा आणि बेस या नद्यांच्या बेचक्यात वसलेली. तिथं आता शेतं, उंचवटे आणि हेलिओडोरसचा खांब एवढंच आहे. हा हेलिओडोरस तक्षशिलेचा यवन, म्हणजे ग्रीक, अंतलिकित या ग्रीक राजाचा दूत. त्यानं इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात इथं वासुदेवाचा गरुडध्वज उभारला. १८७७ मध्ये पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमनं खांब पाहिला, पण शेंदराची पुटं इतकी जाड की लेख झाकूनच राहिला. १९०९ मध्ये शेंदूर काढला तेव्हा अक्षरं दिसली. गावकऱ्यांचा तो खाम बाबा.

गेल्या हिवाळ्यातल्या गटात एक आजोबा होते. देव्हारे आणि मखरं कोरण्यात त्यांची हयात गेलेली. बेसनगरला ते गप्प गप्पच होते. तिथून सांची जेमतेम दहा किलोमीटर. पोचल्या पोचल्या सगळे थोरल्या स्तूपाकडे निघाले, आजोबा मात्र दक्षिण तोरणाच्या, म्हणजे कोरीव दगडी प्रवेशद्वाराच्या, खांबापाशी थांबले ते हलेचनात. मी माहिती सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"सर, हा हात दगडवाल्याचा नाही."

मग त्यांनी मला तो खांब दाखवला. मी कितीदा तरी पाहिलेला खांब! "एवढ्याशा जागेत दगडवाला दोन माणसं बसवेल. यानं घोळकाच बसवलाय. प्रत्येकाच्या पगडीचा पीळ वेगळा बघा. गळ्यातले मणी सुटे मोजता येतात. याला बारीक हत्याराची सवय आहे, आणि माल वाया घालवायचा नाही याचीही."

माझ्या अंगावर काटा आला. त्याच खांबावरची ओळ मी त्यांना वाचून दाखवली: वेदिसकेहि दंतकारेहि रूपकंमं कतं. हे कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी केलं. मी तोवर याबद्दल चकार शब्द काढलेला नव्हता.

एव्हाना बाकीचेही भोवती जमले होते. वरच्या तुळईवर सातकर्णी राजाच्या कारागिरांचा मुखिया आनंद याचं दान कोरलेलं आहे, हे सांगितल्यावर आपल्या सातवाहनांचं नाव ऐकून सगळ्यांच्या माना वर गेल्या. सांची म्हटलं की लोक अशोकावर थांबतात, याचं मला फार वाईट वाटतं. त्याचा विटांचा स्तूप आत आहे. बाहेरचं दगडी आवरण, कठडा आणि तोरणं नंतरची, आणि त्यांत लोकांचा पैसा आहे. व्यापारी, विणकर, लेखनिक, भिक्षुणी, घरच्या बायका, अशी शेकडो दात्यांची नावं तिथं दगडात आहेत. विदिशेसारखं भरल्या पेठेचं शहर शेजारी नसतं, तर या टेकडीवर एवढं काम उभं राहिलंच नसतं, असं माझं ठाम मत आहे.

आजोबांचं या सगळ्याकडे लक्ष नव्हतं. खिशातली पेन्सिल काढून ते पगड्या वहीत उतरवायला बसले होते. उरलेली तोरणं बघून आम्ही परत आलो, तेव्हा त्यांची चौथी पगडी चालू होती.