साती भिक्खूची समजूत

‘जे बोलते, अनुभवते आणि बऱ्यावाईट कर्मांची फळे भोगते, तेच हे विज्ञान, तेच एका जन्मातून दुसऱ्या जन्मात जाते आणि स्वतः मात्र बदलत नाही.’ साती नावाच्या, कोळ्याच्या मुलाने भिक्खू झाल्यावर बुद्धाच्या शिकवणीची करून घेतलेली ही समजूत मज्झिमनिकाय या पाली ग्रंथातील महातण्हासंखय सुत्तात आली आहे. हेच बौद्ध मत आहे असे मीही अनेक वर्षे धरून चाललो होतो. पुनर्जन्म मानायचा तर जन्म घेणारे कोणीतरी असलेच पाहिजे, हा माझा साधा तर्क होता. त्यामुळे बुद्धाने सातीला किती कठोर शब्दांत फटकारले हे वाचल्यावर ते बोल मलाच लागले.

पालीतील ‘विञ्ञाण’ म्हणजे विज्ञान. हा शब्द आजच्या मराठीत प्रयोगशाळेकडे गेला असला, तरी येथे त्याचा अर्थ विषयाची जाणीव एवढाच आहे. ही जाणीव कारणांवाचून उपजत नाही, असे बुद्ध सातीला सांगतो आणि आगीचा दाखला देतो. लाकडावर पेटते ती लाकडाची आग, गवतावर पेटते ती गवताची, शेणावर पेटते ती शेणाची. त्याचप्रमाणे डोळा आणि रूप यांच्या आधाराने उपजते ते चक्षुर्विज्ञान, कान आणि शब्द यांच्या आधाराने उपजते ते श्रोत्रविज्ञान. मला यातून उमगले ते असे, की आग गवतावरून लाकडावर जाते हे खरे, परंतु जळणाशिवाय कोठेतरी साठवून ठेवलेली आग असे काही नसते.

संयुत्तनिकाय या दुसऱ्या पाली ग्रंथात बुद्धाचा शिष्य सारिपुत्त महाकोट्ठित या भिक्खूला हेच आणखी नेमकेपणाने सांगतो. बोरूच्या दोन मोळ्या एकमेकींना टेकून उभ्या असाव्यात, तसे विज्ञान नामरूपाच्या, म्हणजे मनोव्यापार आणि शरीर यांच्या, आधाराने आणि नामरूप विज्ञानाच्या आधाराने उभे असते, आणि एक मोळी ओढून घेतली की दुसरी कोसळते. जड आधी की चेतन आधी, हा वाद या दाखल्यापुढे मला लटका वाटू लागतो, कारण येथे आधी उभी राहिलेली मोळीच नाही.

गूढवादाने मात्र सातीचीच बाजू उचलून धरली. १८७५ साली न्यूयॉर्कमध्ये थिऑसॉफिकल सोसायटी ही गूढविद्येचा अभ्यास करणारी संस्था स्थापन झाली आणि तिच्या संस्थापकांपैकी ब्लाव्हाट्स्की आणि ऑल्कॉट यांनी १८८० साली श्रीलंकेत गॉल येथे पंचशील घेतले, म्हणजे बौद्ध धर्म स्वीकारला. त्यांची बौद्ध धर्माविषयीची आस्था खरी होती, याविषयी मला शंका नाही. तरीही त्यांच्या मांडणीत मनुष्य सात तत्त्वांचा बनतो आणि त्यांतील वरची तीन, म्हणजे आत्मा, बुद्धी आणि मनस, मृत्यूनंतरही टिकून पुढल्या जन्मांचा धागा सांभाळतात. ही मांडणी भव्य आहे आणि दुःखाच्या काळात तिने मलाही आधार दिला आहे. परंतु तिला बुद्धाची गुप्त शिकवण म्हटले जाते, तेव्हा मला ते मान्य करता येत नाही.

बौद्ध परंपरेत गुप्त ठेवलेली शिकवण नाहीच, असे मात्र नाही. योगाचार या महायान पंथाने पाच इंद्रिये आणि मन यांच्या सहा विज्ञानांखाली क्लिष्ट मन, म्हणजे ‘मी’पणाने मलिन झालेले मन, आणि त्याहूनही खोल आलयविज्ञान मानले, ज्यात कर्मांची बीजे साठतात. वरवर पाहता हा आत्माच मागच्या दाराने परत आल्यासारखा वाटतो. तो धोका त्या आचार्यांनाही दिसत होता. त्यांच्यापैकी वसुबंधूच्या ‘त्रिंशिके’त आलयविज्ञान नदीच्या लोंढ्यासारखे वाहते असे म्हटले आहे, आणि ‘संधिनिर्मोचन सूत्र’ या महायान ग्रंथात बुद्ध सांगतो की हे गहन, सूक्ष्म विज्ञान मी अजाणांना उघड करून सांगितले नाही, कारण ते त्यालाच आत्मा समजतील. म्हणजे जो गैरसमज होऊ नये म्हणून हे झाकून ठेवले, तोच गैरसमज पुढे गुह्य ज्ञान म्हणून डोक्यावर घेतला गेला.

पहाटे डोळे मिटून बसलो असता एकदा शेजारच्या खोलीत भांडे पडले. आधी केवळ खण्‌ असा आवाज होता. तो माझा नव्हता की कोणाचाच नव्हता. मग ‘भांडे’ हे नाव आले, त्यामागून चीड आली, आणि चिडीच्या मागून ‘माझे ध्यान मोडले’ हे वाक्य आले. ‘मी’ सर्वांत शेवटी आला, तरी येताच त्याने पहिल्या आवाजावरही मालकी सांगितली, जणू तो आधीपासूनच तेथे बसून ऐकत होता.

साती उत्तर न देता, खांदे पाडून आणि मान खाली घालून बसून राहिला, असे सुत्तात म्हटले आहे. त्या पहाटे मीही बराच वेळ तसाच बसून होतो.