आक्काचं ऑपरेशन : दुर्बीण की रोबोट

मिरजेत आमचं तंतुवाद्यांचं काम. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा सूर, काढताना घोडीवर कानस किती दाबायची, हे बोटांनाच कळतं. त्यामुळे पुण्यातल्या सर्जननी रोबोट चालवणाऱ्या सर्जनला त्याच्या हातांतून स्पर्श जवळजवळ कळत नाही असं सांगितलं, तेव्हा मी तिथेच मनातून रोबोट बाद केला होता.

आक्का, माझी थोरली बहीण. पित्ताचे खडे आहेत का बघायला सोनोग्राफी केली आणि स्वादुपिंडाच्या शेपटीत गाठ दिसली. सांगलीत सीटी स्कॅन करून आम्ही पुणं गाठलं.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. स्वादुपिंड साधारण वीतभर लांब. डोकं आतड्याच्या कमानीत, शेपूट प्लीहेजवळ, म्हणजे पानथरीजवळ. प्लीहेच्या रक्तवाहिन्या त्याच्या पाठीला चिकटून जातात. गाठ काढताना त्या सांभाळल्या, तर प्लीहा वाचवता येते. दुर्बिणीच्या ऑपरेशनात हत्यारं सरळ दांड्यांची, मनगट नसलेली. रोबोटच्या हत्यारांना टोकाशी मनगट असतं, चित्र त्रिमितीत मोठं दिसतं, हाताचा कंप गाळला जातो. ताण किती पडतोय हे सर्जन डोळ्यांनी ओळखायला शिकतो, ऊती पांढरी पडते, धागा ताणलेला दिसतो. ही गोष्ट मला पटायला वेळ लागला. पण आम्हीही तार तुटायच्या आत तिचा ताण ओळखतोच की.

मग मी विचारलं, रोबोट इतका चांगला तर तोच का नको? ते म्हणाले, शेपटीच्या ऑपरेशनात नंतर टाके घालून काही जोडायचं नसतं, तिथे दुर्बीण चांगली रुळली आहे. रोबोटला खर्च जास्त, बहुधा वेळही जास्त. खरी कसोटी स्वादुपिंडाच्या डोक्यातल्या गाठीची, म्हणजे ते डोकं काढायच्या व्हिपलच्या ऑपरेशनाची. तिथे स्वादुपिंडाची दोन-तीन मिलिमीटरची नळी आतड्याला शिवायची असते, त्यासाठी मनगटाचा उपयोग होतो. नेदरलँड्समध्ये व्हिपलसाठी दुर्बीण आणि पोट उघडून करायची पद्धत यांची तुलना मध्येच थांबवावी लागली होती. २०१९ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात दुर्बिणीच्या ५० रुग्णांपैकी ५ जण गुंतागुंतीने दगावले, दुसऱ्या गटात ४९ पैकी १. फरक योगायोगाचा असू शकतो, पण धोका पत्करण्याजोगा नव्हता.

शेवटी मी एवढंच विचारलं, "तुमचा हात कशावर बसलाय?" ते म्हणाले, "शेपटीसाठी दुर्बिणीवर." आम्ही तेच ठरवलं.

प्लीहा वाचली. पोटात ठेवलेल्या नळीतून येणाऱ्या पाण्यातलं अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाच्या रसातलं पाचक द्रव्य, तिसऱ्या दिवशी तपासलं. स्वादुपिंडाचा रस गळतोय का, ते त्यावरून कळतं. दुर्बीण असो की रोबोट, ही भीती दोन्हीकडे सारखीच. रिपोर्ट येईपर्यंत आक्का माझाच हात धरून बसली होती. आकडा कमी आला, नळी निघाली, आणि तिने पहिल्यांदा चहा मागितला.