आबा आणि मतदार यादी
आज बेळगावजवळच्या खानापूरला आबांकडे गेले होते. तीनदा पंचायतीला उभे राहिले, दोनदा पडले. तरी ओसरीवर भिंग घेऊन मतदार यादी तपासत बसलेले, नव्या सुनांची नावं आलीत का ते पेन्सिलीनं टिपत.

मी चिडूनच म्हटलं, "आबा, १९५६ पासून सीमाप्रश्न तसाच. २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात. मतं देऊन काय मिळालं आपल्याला?"

"अगं, दाद मागायला कोर्ट आहे, बोलायला ग्रामसभा आहे. दगड उचलला की दोन्ही गेलं."

एवढी वर्षं हे धरून ठेवायला केवढी छाती लागते! माझे डोळे भरून आले. आबा मात्र पुन्हा यादीत. शेजारच्या काकूंचं नाव चुकलं होतं. तिथंच बसून त्यांनी मोबाइलवर दुरुस्तीचा फॉर्म ८ भरला.