आईस्क्रीमच्या डब्यातली लवंगी

आमच्या परड्यात कुदळ मारली की वीतभर खाली जांभा लागतो, आणि वर जे काही उगवतं ते माकडं उपटतात. त्यामुळे वेंगुर्ल्यात लग्न होऊन आल्यापासून माझी शेती स्लॅबवर, जाळीखाली.

गेल्या डिसेंबरात लवंगीची रोपं केली. एकाच मिरचीच्या बिया. लावायला कुंड्या पुरेनात, म्हणून मिळेल त्यात लावली. एक रोप आईस्क्रीमच्या लिटरभर डब्यात, एक नर्सरीच्या पाच लिटरच्या काळ्या पिशवीत, एक रंगाच्या वीस लिटरच्या बादलीत. माती तीच, शेणखतही तेच.

डब्यातल्या रोपाला सगळ्यांआधी फुलं आली. मी खूश. बादलीतलं नुसतं पानांनी फुगत होतं, महिनाभर एक फूल नाही. मार्चपासून मात्र ते कमरेला लागलं. मिरच्या एकशेचाळीसपर्यंत मोजल्या, मग सोडून दिलं. पिशवीतल्या साठेक निघाल्या. डब्यातल्या अकरा.

त्या अकरांतल्या दोन मी सोलकढीत वाटल्या. सासूबाईंनी एक घोट घेतला, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "ह्या झाडाक उपाशी ठेवलंस काय गो?"

ठेवलं होतंच. एप्रिलमध्ये सकाळी पाणी घातलं की दहा वाजता डबा कोरडा, पानं माना टाकून. मिरचीचा तिखटपणा म्हणजे कॅप्सेसिन. ते बियांत तयार होत नाही, बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गाभ्यात होतं. झाडाला पाण्याची ओढ बसली की बऱ्याचदा ते वाढतं. बऱ्याचदा, नेहमी नाही, जातीजातीवर आहे. म्हणजे तिखटपणा डब्याच्या मापातून थेट येत नाही, डबा लवकर सुकतो त्यातून येतो. बादलीलाही पाणी तोडलं असतं तर कदाचित तीही चिडली असती. माझी तीन झाडं म्हणजे काही प्रयोगशाळा नव्हे.

मापाचा खरा अभ्यास झालेला आहे. २०१२ साली वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्ड्रिक पूर्टर आणि सहकाऱ्यांनी जगभरातले ६५ प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा कुंडी दुप्पट केल्यावर झाडाचं वजन सरासरी ४३ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. दुप्पट मातीला दुप्पट झाड नाही. हे वाचल्यावर मला बादलीचा मोह जरा कमी झाला. वीस लिटर माती स्लॅबवर चढवताना कंबर माझी मोडते.

जूनमध्ये डबा गेला. उन्हाळ्यात तहानेनं तडफडलेलं झाड पावसात बुडून मेलं, नशीब बघा. कुंडीतलं पाणी भोकांतून निथळलं तरी तळाची काही बोटं माती चिंबच राहते, कुंडी उथळ असो की खोल. खोल बादलीत मुळांना वर कोरडी जागा असते. डब्यात सगळाच तळ. खाली खापऱ्या घातल्या की निचरा होतो म्हणतात, त्याही घालून पाहिल्या. मातीची जागा तेवढी कमी झाली.

मेलेलं रोप उपटलं तर मुळं अख्ख्या डब्याच्या आकाराची, गोल गोल फिरून शिरवाळ्यांच्या गठ्ठ्यासारखी घट्ट. मातीचा कण दिसत नव्हता. अकरा मिरच्या दिल्या हेच खूप, असं वाटलं.

यंदा तेलाचे पंधरा किलोचे पत्र्याचे डबे आणलेत, आठ. बाजूंनाही खिळ्यानं भोकं पाडली. बादलीहून जरा लहान माप, रोज एकदा पाणी, मिरची बेताची तिखट. बांगड्याच्या तिखल्याला तेवढं पुरतं.

आईस्क्रीमचा एक डबा मात्र सासूबाईंच्या हट्टाखातर ठेवलाय, सोलकढीपुरता. "ह्येका पाणी कमी घाल," असं मला बजावतात. आणि दुपारी मी आडवी झाले की स्वतःच जिना चढून त्याला तांब्याभर घालून येतात.