आमची वाटचाल : घडी घालून ठेवता येईल तेवढंच

कंदील म्हणजे थोडा कागद, थोड्या कामट्या आणि बाकी सगळी हवा. या हवेला जागा केवढी लागते, ते डोंबिवलीतल्या दोन खोल्यांच्या घरात धंदा मांडल्यावर पहिल्याच सीझनला कळलं. दसऱ्यापर्यंत पलंगावर कंदील, कपाटावर कंदील, मोरीवरच्या माळ्यावर कंदील, आणि मुलांची ताटं जिन्यात. आमच्याबद्दल बोलताना लोक "हिला पहिल्यापासून कलेची आवड" असं सांगतात. आवड होतीच, नाही कोण म्हणतंय. पण आज आम्ही जे विकतो, घडीचे कंदील, घडीचं मखर, घरी जोडायचे संच, ते बहुतेक जागेच्या अडचणीतून सुचलेलं आहे.

सुरुवात 2011 च्या दिवाळीत झाली. सासूबाई गिरगावच्या चाळीत वाढलेल्या. तिथे दिवाळीच्या आधी पोरंपोरी गॅलरीत बसून कंदील बांधायची, आणि कुणाचा सरळ टांगला जातो यावर पैजा लागायच्या. त्यांनी मला शिकवलेला कंदील आजही आमच्याकडचा सगळ्यात महाग कंदील आहे. नऊ-नऊ इंचांच्या चोवीस कामट्या घ्यायच्या. चार-चार कामट्यांचे सहा चौकोन बांधायचे. मग चौकोनाचा कोपरा शेजारच्या चौकोनाच्या कोपऱ्याला बांधत जायचं: एक चौकोन वर, एक खाली, चार मधे टोकावर उभे. बांधता बांधता मधे आठ त्रिकोण आपोआप तयार होतात, त्यांना वेगळी कामटी लागत नाही. पहिल्यांदा करणाऱ्याला हे खरं वाटत नाही, म्हणून मी ते प्रत्येक कार्यशाळेत आधी न सांगता करून घेते. सहावा चौकोन बांधला की सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी होतात.

कागद पतंगाचा. खळ मैद्याची, मंद आचेवर, गुठळी होऊ न देता. पांढरेपणा जाऊन चकाकी आली की उतरवायची. पूर्वी खळीत मोरचूद घालत, उंदीर-झुरळं लागू नयेत म्हणून. मोरचूद विषारी, आणि आमच्याकडे लहान मुलांचे हात खळीत असतात, त्यामुळे आम्ही चिमूटभर तुरटीवर भागवतो. कागद लावताना ताणायचा नाही. ओला कागद सैलावलेला असतो, तेव्हा ओढून बसवला तर वाळताना आक्रसून मधोमध फाटतो. चौकोनांच्या कडांना कागद दुमडून केलेल्या करंज्या, खाली झिरमिळ्या, वरचा चौकोन दिवा सोडायला उघडा. पूर्वी आत पिवळा बल्ब असायचा, तो तापून कागद करपायचा. एलईडी आल्यापासून ती धास्ती गेली.

पहिल्या वर्षी फडके रोडच्या बाजूला टेबल टाकून विकले. दिवाळीच्या पहाटे तिथे सगळी डोंबिवली लोटते, पण नटूनथटून मित्रमैत्रिणींना भेटायला आलेली माणसं हातात कंदील घेऊन फिरत नाहीत, त्यामुळे गिऱ्हाईक खरं आदल्या आठवड्यातलं. "कागदाचे एवढे पैसे?" हा प्रश्न तेव्हा यायचा, अजूनही येतो. सामानाचा खर्च खरंच थोडा असतो. कामट्या तासणं, बांधणं, कागद, करंज्या मिळून एका बाईचा अर्धा दिवस जातो, किंमत त्याची असते. बाजारात प्लॅस्टिकचा चिनी कंदील त्याच्या निम्म्या भावात मिळतो, हे आम्हालाही ठाऊक आहे. त्या भावात उतरायचं नाही हे मात्र घरात पहिल्यापासून ठरलेलं होतं, कारण उतरलो असतो तर कापली गेली असती ती फक्त बायकांची मजुरी.

मग दादरच्या एका दुकानाला माल द्यायला लागलो. डोंबिवलीहून दादरला कंदील न्यायचे म्हणजे दुपारची गाडी आणि लगेजचा डबा. मोठ्या पिशवीत सहा कंदील मावायचे आणि त्यातला एक हमखास चेपायचा. लगेजच्या डब्यातले भाजीवाले, मासेवाल्या मावश्या आम्हाला जागा करून द्यायच्या, त्यांचे उपकार आहेत. दुकानदाराने दिवाळीनंतर उरलेला माल परत केला, तोही दुकानात टांगून टांगून ऊन-धूळ खाल्लेला, आणि बाकीचे पैसे संक्रांतीपर्यंत लोंबकळवले. परतीच्या बोलीवर माल द्यायचा नाही, हा आमचा नियम तेव्हापासूनचा.

त्या सुमारास माहीमच्या कंदील गल्लीत मुद्दाम जाऊन आलो. तिथे गल्लीभर कंदील टांगलेले असतात, घरातली माणसं बाहेर बसून बांधत असतात, विक्रीही तिथेच. परत येताना नवरा म्हणाला, "त्यांच्याकडे गल्ली आहे, आपल्याकडे गॅलरी." चेष्टेतच म्हणाला, पण घडीचा कंदील करायचं डोक्यात घेतलं ते त्याच गाडीत.

घडीच्या कंदिलात कामट्या नाहीत. पुठ्ठ्याच्या चौकटी, सांध्याला कापडी पट्टी, आतून पतंगाचा कागद. कोपऱ्यांवरून दाबला की पाटीएवढा सपाट होतो. सुरुवातीला चौकटी आम्ही पट्टी आणि कटरने कापायचो. नंतर एमआयडीसीतल्या एका खोकेवाल्यांकडे डाय, म्हणजे पुठ्ठा कापायचा साचा, करून घेतला. खोक्यांचं काम करणाऱ्या माणसाला पुठ्ठ्याची दिशा कळते. पन्हाळी पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या उभ्या ठेवल्या तर तो वजन पेलतो, आडव्या ठेवल्या तर वाकतो. आमच्या पहिल्या डायचं अर्धं डिझाइन त्या काकांनी पुसून पुन्हा काढलं. सपाट माल आला आणि कपाटाखालच्या जागेत अख्खा सीझन मावायला लागला.

याच ज्ञानावर पुढे मखर उभं राहिलं. 23 मार्च 2018 ला राज्य सरकारने प्लॅस्टिक आणि थर्माकोलवर बंदीची अधिसूचना काढली, आणि 23 जूनपासून कारवाई सुरू झाली. गणपती होते 13 सप्टेंबरला. थर्माकोलचे कारागीर वर्षभर आधीपासून काम करतात, त्यांचे मखर तयार पडलेले होते. त्यांचं फार नुकसान झालं. न्यायालयात जाऊनही त्यांना त्या वर्षापुरती सवलत मिळाली नाही. आमच्याकडे फोन मात्र वाजायला लागले: "पुठ्ठ्याचं मखर करता का?" आम्ही करत नव्हतो. पण डाय करणारे काका होते, नळ्यांची दिशा माहीत होती, आणि जुलै अजून सरला नव्हता. महिरप, दोन खांब, मागचा पडदा, पायरी; सगळं खाचेत खाच अडकवून उभं राहणारं, विसर्जनानंतर घडी घालून पलंगाखाली सरकवता येणारं. गिऱ्हाइकांना थर्माकोल नको होता हे खरं, पण फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला ती शेवटची सोय जास्त आवडली, असं माझं मत आहे.

मखराची खरी डोकेदुखी मापाची. कुणाची मूर्ती नऊ इंचांची, कुणाची अडीच फुटांची, आणि फोनवर सांगतात ते माप बहुतेक वेळा पाट धरून असतं की न धरता, हे त्यांनाच माहीत नसतं. 2020 मध्ये कोरोनामुळे सरकारने घरगुती मूर्ती दोन फुटांपर्यंतच ठेवायला सांगितली, आणि त्या वर्षी आम्हाला पहिल्यांदा मापं ठरवून छापता आली. लहान, मधलं, मोठं, बस्स. निर्बंध उठले तरी आम्ही ती तीन मापं सोडली नाहीत.

2020 चा उल्लेख झालाच आहे, तर पाडव्याचंही सांगते. त्या वर्षी छोट्या तयार गुढ्या केल्या होत्या: काठी, खणाचा तुकडा, पितळी गडू, कापडी कडुलिंब, टेबलावर किंवा गॅलरीच्या कठड्याला लावता येईल अशा. पाडवा होता 25 मार्चला, आणि देशभराचा लॉकडाऊन सुरू झाला तोही 25 मार्चलाच. राज्यात दोन दिवस आधीच संचारबंदी लागली होती. माल घरात, गिऱ्हाईक घरात. शेजारपाजारच्या मजल्यांवर वाटल्या, उरलेल्या पुढच्या पाडव्याला काढल्या. पितळ आणि कापड होतं म्हणून टिकल्या.

आम्हाला तारलं ते मुलांनी. शाळा बंद, मुलं घरात, आणि दिवाळी 14 नोव्हेंबरला, म्हणजे अधिक अश्विन महिन्यामुळे गणपतीनंतर हाताशी भरपूर वेळ. बायका कामाला घरी येऊ शकत नव्हत्या, म्हणजे जोडणी होणार नव्हती. मग न जोडलेलाच कंदील द्यायचा ठरलं. कापलेले, रेघ पाडलेले पुठ्ठ्याचे तुकडे, कागद, दोरा, झिरमिळ्यांच्या पट्ट्या, सूचनांचा कागद, सगळं पाकिटात. खळ घरी करायची, तिची कृती मागच्या बाजूला.

सूचनांचा तो कागद लिहायला कंदील बांधण्यापेक्षा जास्त त्रास पडला. सासूबाई म्हणायच्या, "त्यात काय लिहायचंय, हाताला कळतं." शेजारच्या वहिनींच्या पाचवीतल्या मुलाला पाकीट दिलं आणि त्यांना बजावलं की काही सांगायचं नाही, नुसतं बघायचं. त्याने पहिली घडी उलट्या बाजूला घातली. दुसऱ्या छपाईत बाण काढले, त्याने बाण पाहिले पण कागदच उलटा धरला. शेवटी सगळ्या सूचना गेल्या, आणि प्रत्येक जोडावर अक्षर आलं: अ ला अ चिकटवा, ब ला ब. अक्षर दिसतंय ती बाजू आत. त्याने अर्ध्या तासात कंदील पुरा केला आणि खळ भिंतीला पुसली. आजही आमच्या संचात एवढंच छापलेलं असतं. आज विक्रीतला मोठा हिस्सा या न जोडलेल्या मालाचा आहे. लोकांना घरी काहीतरी करायचं असतं, फक्त माप काढणं आणि कापणं नको असतं.

पावसाचा धडा त्याआधीचा. 2019 ची दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटी, आणि पाऊस काही जायचं नाव घेईना. अरबी समुद्रात क्यार वादळ होतं. बाहेर टांगलेले कागदी कंदील गळून पडले. प्लॅस्टिकचं आवरण घाला, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. ते आम्हाला नको होतं. त्याऐवजी कापडाकडे वळलो आणि कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण वापरायला लागलो. खणाच्या कंदिलाला पाऊस लागला तर तो वाळतो, घडी होतो, पुढच्या वर्षी पुन्हा टांगता येतो. पुढच्या वर्षी पुन्हा टांगला म्हणजे आमची विक्री गेली, हा हिशोब दिराने मांडून दाखवला. बरोबर आहे. पण तेच गिऱ्हाईक संक्रांतीला परत येतं.

संक्रांतीचं काम आमच्यात सगळ्यात नाजूक. हलव्याला काटा फुलवायचा तर साखरेचा पाक खसखशीवर किंवा तिळावर थेंबाथेंबाने, मंद आचेवर, दिवस दिवस परतत न्यावा लागतो, आणि हवा कोरडी, थंड लागते. डोंबिवलीच्या दमट हवेत काटा येता येता बसतो. म्हणून हलवा घाटावरून येतो, वाईच्या आमच्या मावशी करतात. आम्ही फक्त दागिने करतो. दाण्याला भोक पाडता येत नाही, फुटतो. दोऱ्याचा फास टाकून दाणा पकडायचा, गाठ मारायची, पुढचा दाणा. गाठ सैल राहिली तर दाणा निसटतो, जास्त आवळली तर काटा तुटतो. तन्मणी, बांगड्या, बाजूबंद, बोरन्हाणाला बाळाचा मुकुट आणि बासरी, जावयासाठी हलव्याचा नारळ. हे काम संचात देता येत नाही. देऊन पाहावं असंही वाटत नाही. तयार दागिना हवाबंद डब्यात पाठवतो आणि सोबत चिठ्ठी: आदल्या रात्रीच उघडा.

कामाला आमच्या सोसायटीतल्या आणि मागच्या चाळीतल्या बायका आहेत. मजुरी नगावर, दर शनिवारी रोख. काही जणी माल घरी नेतात, काही दुपारी आमच्याकडे येऊन बसतात. खण शिवायला लागल्यापासून ज्यांच्याकडे शिलाई मशीन पडून होतं त्यांनाही काम मिळालं. सासूबाई आता कामट्या बांधत नाहीत, बोटं दुखतात. तयार कंदील टांगून, फिरवून, वाकडा असेल तर परत करायचं खातं त्यांच्याकडे आहे, आणि तिथे कुणाचीही वशिलेबाजी चालत नाही. माझीही नाही.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांच्या ऑर्डरी येतात त्या सपाट मालामुळेच. कुरिअरवाले वजनाबरोबर खोक्याचं आकारमानही मोजतात, म्हणजे फुगलेला कंदील पाठवला तर पुन्हा हवेचेच पैसे. पाकिटातले संच मात्र एका खोक्यात शाळाभर मुलांना पुरतील एवढे जातात. तिकडे मुलांची मराठी शाळा शनिवार-रविवारी भरते आणि कंदील दिवाळीच्या आधीच्या रविवारी होतो, त्यामुळे त्यांचा माल आम्ही गणपतीच्याही आधी पॅक करतो.

2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. गणपती 14 सप्टेंबरला, दिवाळी 8 नोव्हेंबरला. अधिक महिन्याने सगळे सण पुढे सरकतात, संक्रांत तेवढी सूर्याच्या हिशोबाने जानेवारीच्या मध्यावर जागच्या जागी राहते, म्हणजे दिवाळी आवरून हलव्याला हात घालायला अवघे दोन महिने. म्हणून कामट्या पावसाच्या आधीच तासून घ्यायच्या, मखराचे पुठ्ठे जूनमध्ये कापून घ्यायचे असं ठरलंय, आणि वाईच्या मावशींना हलव्याचं आत्ताच सांगून ठेवलंय. कामट्यांचा कंदील हवा असेल त्यांनी ऑगस्टअखेर सांगावं. तो एकच कंदील आहे ज्याची घडी होत नाही, आणि आमच्याकडे तो ठेवायला अजूनही पलंगच आहे.