चेहरा न दाखवता सांगितलेली गोष्ट

काल रात्री डिजिटल: अ लव्ह स्टोरी परत खेळले, तिसऱ्यांदा, आणि परत डोळे भरून आले. २०१० साली क्रिस्टीन लव्ह या कॅनडातल्या लेखिकेने हा गेम जवळपास एकटीने बनवला आणि फुकट वाटला, रेनपाय हे गोष्टीचे गेम बनवायचं सॉफ्टवेअर वापरून, जे पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेवर चालतं आणि तेही फुकटच आहे.

गोष्ट १९८८ ची. स्क्रीनवर जुन्या अमिगासारखा कॉम्प्युटर, मोडेमवरून बीबीएसला, म्हणजे फोन लाइनवरून जोडायच्या तेव्हाच्या मेसेज बोर्डाला, फोन लावायचा, नंबर स्वतः टाइप करायचा, मग तो कर्कश आवाज आणि मग मेसेज. कोणाचा चेहराच नाही! आणि आपण रिप्लाय दाबतो पण आपण काय लिहिलं ते कधीच दिसत नाही, समोरच्याचं उत्तर आलं की त्यावरून कळतं आपण काय बोललो असू, त्यामुळे गोष्टीत बीबीएसवर भेटणाऱ्या एमिलियाचे मेसेज वाचताना मी माझी वाक्यं मनातच जुळवत होते. एकट्या माणसाकडे चित्रकार नसतो, आवाज द्यायला कोणी नसतं, तर क्रिस्टीनने गोष्टच अशी निवडली की त्यांची गरजच पडू नये, हे मला फार म्हणजे फार भारी वाटतं.

मीपण सहा महिने रेनपायमध्ये मराठीत एक छोटी गोष्ट बनवतेय. पहिलं वाक्य टाकलं तर नुसते चौकोन, कारण त्याच्या नेहमीच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाहीये, मग मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्यांचा मुक्ता हा फॉन्ट टाकला. स्वतःच्या भाषेतलं वाक्य स्क्रीनवरच्या त्या डब्यात एकेक अक्षर करत उमटताना बघून कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. आता शेवटचा सीन उरलाय, आजी फोन ठेवते तो, आणि तिचं एकच वाक्य अजून मनासारखं होत नाहीये.