शुक्रवारी दिलेली नोटीस

लॉस एंजेलिसमध्ये गरीब भाडेकरूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या ऑफिसात मी वकील आहे. गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे एक इंटर्न होती, कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाची. आईवडील मेक्सिकोतल्या ओआहाकाचे, आई हॉटेलात खोल्या साफ करते. घरात कॉलेजची पायरी चढलेली ही पहिलीच. विजेच्या बिलापासून शाळेच्या पत्रापर्यंत घरी येणारा प्रत्येक कागद लहानपणापासून हिनेच वाचून दाखवलेला, त्यामुळे कागद हातात आला की शेवटची ओळ वाचल्याशिवाय ती तो खाली ठेवत नाही.

त्या दिवशी दोन लेकरांना घेऊन एक बाई आल्या. भाडं थकलेलं, मालकाने घर खाली करण्याचा दावा लावलेला. माझं सगळं लक्ष उत्तर दाखल करायच्या मुदतीकडे होतं. कॅलिफोर्नियात २०२५ पासून कोर्टाच्या कामकाजाचे दहा दिवस मिळतात, आधी पाचच मिळायचे. बाईंशी स्पॅनिशमध्ये बोलत फॉर्म भरणारी इंटर्न मध्येच उठली आणि कॅलेंडर माझ्यापुढे ठेवून बोटाने दिवस मोजू लागली. ‘भाडं भरा नाहीतर घर सोडा’ ही तीन दिवसांची नोटीस शुक्रवारी दिलेली. शनिवार-रविवार त्यात धरत नाहीत, म्हणजे मुदत बुधवारपर्यंत. दाव्यावर कोर्टाचा शिक्का मात्र मंगळवारचा. मुदत संपण्याआधीच दावा!

“मी सांगू त्यांना?” तिने विचारलं. मला नाही म्हणावं लागलं. पक्षकाराला बचावाचा मुद्दा समजावणं हा कायदेशीर सल्ला, तो सनद असलेल्यानेच द्यायचा. मग मी इंग्रजीत बोलले आणि तिने ते स्पॅनिशमध्ये बाईंना सांगितलं. मुद्दा तिने शोधलेला, पण “वकीलबाई म्हणतात” असं म्हणून तिला तो पोचवावा लागला. बाईंनी माझेच हात धरून आभार मानले. मला ते फार लागलं.

उत्तरात आम्ही तो मुद्दा मांडला आणि मालकाच्या वकिलाने दावा मागे घेतला. नवी नोटीस आलीच, पण तोवर बाईंनी भाडं जमवलं होतं.

बाई आल्या त्याच दिवशी संध्याकाळी तिने सनदेचा विषय काढला. आपल्याकडे बारावीनंतर थेट पाच वर्षांच्या कायद्याच्या कोर्सला जाता येतं. इथे आधी चार वर्षांची पदवी, मग एलसॅट ही प्रवेश परीक्षा, तीन वर्षं लॉ स्कूल आणि शेवटी सनदेसाठी बारची परीक्षा. फीच्या धास्तीने तिने दुसरी वाट शोधून ठेवली होती: कॅलिफोर्नियात वकिलाच्या किंवा न्यायाधीशाच्या हाताखाली चार वर्षं अभ्यास करून, लॉ स्कूलला न जाताही बारला बसता येतं. मी तिला स्पष्ट सांगितलं की त्या वाटेने पास होणारे फार थोडे, तू शिष्यवृत्तीसह लॉ स्कूलच गाठ. राज्यात जवळपास ४० टक्के लोक लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचे; वकिलांत मात्र त्यांचं प्रमाण याच्या पाव हिस्सासुद्धा नाही. ही मुलगी फीपायी मागे राहणं मला मान्य नाही. एलसॅटची फी माफ करून घेण्याचा अर्ज आम्ही तिथेच उघडला. शिफारसपत्र मी लिहिते आहे.